अस्करचा सूर्य आणि आमचे उस्ताद

"बहारीनला समुद्र आहे का हो?" असं वसईत मला कुणी विचारलं की आधी राग यायचा आणि मग लाज वाटायची. राग अशासाठी की बाबांनो, ते बेट आहे, चारी बाजूंनी समुद्रच आहे. आणि लाज अशासाठी की एकतीस वर्षं त्या बेटावर राहून मी तो धड पाहिलेला नव्हता. पुलावरून जाताना दिसायचा तेवढाच. म्हणजे डावीकडे यांचा कान, कानापलीकडे खिडकी आणि खिडकीपलीकडे एक निळी रेघ.

हे म्हणजे माझे यजमान, पास्कल. कंपनीच्या बसचे ड्रायव्हर. सित्राच्या कॅम्पातून कामगार उचलायचे आणि अस्करच्या अॅल्युमिनियमच्या कारखान्याच्या गेटवर सोडायचे, संध्याकाळी उलट. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. एकतीस वर्षं समुद्राच्या कडेने बस चालवली, आणि मी म्हटलं, एकदा मला किनाऱ्यावर न्या हो, की उत्तर ठरलेलं, "पुढच्या शुक्रवारी." शुक्रवारी आम्हा लोकांची चर्चमध्ये मिस्सा असते, कारण इथे सुट्टी शुक्रवारची. मिस्सा झाली की हे जेवून झोपायचे. असे किती पुढचे शुक्रवार गेले ते मोजत बसले तर रोझरीचे मणी कमी पडतील.

गेल्या वर्षी कंपनीने यांना बसवरून उतरवून सुपरवायझर केलं. म्हणजे नवीन ड्रायव्हरच्या शेजारी बसून त्याला रस्ता शिकवायचा. मी आनंदाने केक केला, बिल्डिंगमधल्या अकरा जणांना बोलावलं, यांच्या हातात सुरी दिली. त्या केकबद्दल पुढे बोलणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

आता महिनाअखेर व्हिसा कॅन्सल करून आम्ही कायमचे वसईला निघालो आहोत. सामान अर्धं बांधलं आहे. तेव्हा मी यांना सांगितलं, बाकी मला काही नको, पण मला समुद्रातून उगवणारा सूर्य बघायचा आहे. आमच्या वसईला समुद्र पश्चिमेला. सूर्य त्यात बुडताना जन्मभर पाहिला, उगवताना तो आमच्याकडे डोंगरातून येतो. समुद्रातून वर येताना कसा दिसतो ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. अस्करच्या किनाऱ्यावरून दिसतो, असं चर्चमधल्या बायका सांगतात. तेवढा दाखवा, आणि मग सगळ्या बेटाला एक फेरी मारू, सावकाश.

कॅनडातल्या सिंथियाने, आमच्या मुलीने, झल्लाकच्या किनाऱ्यावरचं एक रिसॉर्ट दोन रात्रींसाठी बुक करून दिलं. फोनवर हसत होती. "मम्मी, होल आयलंड टू अवर्समध्ये होतं. व्हॉट विल यू डू फॉर थ्री डेज?"

"तुझ्या पप्पांना जागोजागी गाडीतून उतरवीन," मी म्हटलं.

"गुड लक विथ दॅट," ती म्हणाली. बापाला ओळखून आहे.

पहिला दिवस, रविवार : सित्रा, अस्कर आणि भिंती

पहाटे पाचला निघालो. जानेवारीतली थंडी, वाऱ्याला धार. डब्यात आदल्या दिवशी तळलेले फुगे, म्हणजे आमचे मैद्याचे गोल पाव, बाटली मसाल्यातली कोंबडी, सुकटाची चटणी, थर्मासमध्ये चहा. निघायच्या आधी यांनी डोळ्यांत थेंब घातले. वर्षभर फ्रिजच्या दारात ती बारीकशी बाटली असते. विचारलं की म्हणतात, एसीने डोळे कोरडे पडतात. मीही त्याच एसीत झोपते, पण आमच्या घरात यांच्या शरीराबद्दल दुसरा प्रश्न विचारायची पद्धत नाही.

सित्राच्या रस्त्याला लागलो आणि एका जागी गाडी आपोआप बाजूला जाऊन थांबली. समोर पंधरा-वीस कामगार हातात डबे घेऊन उभे. यांचा उजवा हात दांडी शोधत होता. बसचं दार उघडायची दांडी! आमच्या गाडीत कुठली असायला?

"अहो, काय करताय?"

"काही नाही. सवय."

तेवढ्यात त्यांच्यातला एक खिडकीशी वाकला. तेलंगणातला रामुलू, नाताळला आमच्याकडे कलकल खायला येतो तो. "उस्ताद! सलाम! मॅडम भी है? उस्ताद, आँख का क्या बोला डॉक्टर?"

"ठीक है, ठीक है. जा, बस आ जायेगा."

गाडी पुढे निघाल्यावर मी विचारलं, "कसले डोळे हो?"

"अगं, तो एसी."

"तुमच्या एसीची काळजी रामुलूला?"

"बसमध्येही एसी असतो मोनी. त्याला माहीत असणारच."

हे उत्तर मी गिळलं. आता लिहिताना मला माझाच राग येतो, पण तेव्हा माझं सगळं लक्ष पूर्वेकडे. आभाळ तांबूस व्हायला लागलं होतं. अस्करला किनाऱ्याकडे वळायचा फाटा मी लांबून ओळखला. चांगली मोठी पाटी होती, इंग्रजीत आणि अरबीत.

"अहो, पुढे डावीकडे. डावीकडे! अहो, डावीकडे!"

साठच्या वेगाने गाडी सरळ गेली. यांची नजर नाकासमोर, जशी कोवळ्या मुलाची पहिल्या कम्युनिअनला असते. पुढे जाऊन कुठे थांबली असेल? कारखान्याच्या गेटवर! ब्रेक मारला, गाडी बंद केली आणि यांच्या तोंडून खणखणीत निघालं, "यल्ला, उतरा!"

यल्ला म्हणजे चला, पण उतरायला गाडीत कोण? मी एकटी, मांडीवर डबा घेऊन.

मला आधी हसू आलं. मग मान वळवली तर सूर्य आलेला. धुराड्याच्या मागून, विजेच्या तारांमध्ये अडकलेला, पितळी वाटीसारखा. आणि खाली समुद्राच्या जागी कंपाउंडची भिंत. एकतीस वर्षांनी मला यांनी काय दाखवलं, तर आपलं ऑफिस! मी म्हटलं, "मी कामाला लागले का इथे? हजेरी घ्या माझी." गेटवरच्या माणसाने यांना सलाम ठोकला आणि हे त्याला हात हलवत बसले.

परत फिरून फाटा शोधायला निघालो तर तो पुन्हा चुकला. "उद्या बघू," हे म्हणाले. उद्या म्हणजे यांचा पुढचा शुक्रवार, हे मला कळत नाही का?

त्यानंतर दक्षिणेकडे निघालो. नकाशात रस्ता समुद्राच्या कडेने जातो. नकाशात समुद्र असतो, प्रत्यक्षात भिंत असते. मैलभर भिंत, मग गेट, मग पुन्हा भिंत. भिंतीपलीकडे लाटांचा आवाज येतो, खारा वास येतो, आणि पाय भिजवायला जागा नाही. आमच्या वसईच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखालून कुणीही चालत जावं. पोरं बॅट घेऊन जातात, बायका सुकट वाळवतात, शेळ्या हिंडतात, कुणी कुणाला विचारत नाही. समुद्राला दरवाजा लावायची कल्पना कुणाच्या डोक्यात पहिल्यांदा आली असेल, त्याला मला एकदा भेटायचं आहे.

एका गेटवर मी उतरलेच. आतला पहारेकरी नेपाळी, वयाने पोक्त, बोलायला मऊ.

"अम्मा, अंदर नहीं जा सकता. रेसिडेंट ओन्ली."

"मैं रेसिडेंट ही हूँ. इकतीस साल." मी पर्समधून कार्ड काढून त्याच्या नाकासमोर धरलं.

त्याने ते हातात घेतलं, उलटसुलट करून नीट पाहिलं आणि परत दिलं. "अम्मा, ये बहारीन का रेसिडेंट है. इस गेट का नहीं."

मी कार्ड पर्समध्ये टाकलं. आणि महिनाअखेर मी बहारीनचीही राहणार नव्हते, ते त्याला कुठे सांगत बसू! तो मात्र भला माणूस. मला बसायला स्वतःची खुर्ची दिली. मी त्याला चार फुगे दिले, त्याने एक खाऊन तीन खिशात ठेवले. म्हणाला, आत काम करतो पण समुद्राकडे त्यालाही जायची परवानगी नाही. त्याच्यासाठीही मला राग आला. माझ्याकडे त्या दिवशी राग भरपूर होता, सगळ्यांना पुरला असता.

दुपारी रस्त्याच्या कडेला खजुराची चार झाडं पाहून जेवायला थांबलो. मी चटई अंथरली. हे गाडीतच. एका हातात कोंबडीचा तुकडा, दुसरा स्टिअरिंगवर.

"उतरा की हो."

"ड्रायव्हरने गाडी सोडायची नसते."

"इथे कोण चोरणार आहे? उंट?"

"सवय आहे मोनी." आणि मान न वळवता जेवले. मी बाजूला बसून बडबडत होते, माझ्याकडे एकदा पाहिलं नाही. नवीन लग्न झालं तेव्हा मी मिस्सेला कुठली साडी नेसले ते यांना दुसऱ्या बाकावरून दिसायचं. आता शेजारी बसलेली बायको दिसत नाही, असं मी मोठ्याने म्हणालेसुद्धा. यांनी पाणी प्यायलं.

पहिली संध्याकाळ : झल्लाक

रिसॉर्टमध्ये शिरताच मनगटात कागदी पट्टा बांधला, हॉस्पिटलमध्ये बांधतात तसा. आणि माझा डबा काढून घेतला! "आउटसाइड फूड नॉट अलाउड मॅम." फुगे म्हणजे काय ते त्या मुलीला मी समजावून सांगितलं, एक खाऊन बघ म्हटलं. तिने हसून डब्याला नंबर लावला आणि आत ठेवला, कोट ठेवतात तसा.

मी एका हॉटेलच्या लिननरूममध्ये वीस वर्षं काढली आहेत. खोलीत गेल्यावर लोक समुद्र बघतात, मी चादरीचे कोपरे बघते. कोपरे सैल होते. मी पलंग मोडून पुन्हा घातला, तेव्हा कुठे मला जरा बरं वाटलं.

खोलीसमोर समुद्र होता, खोटं का बोलू? पण दोरी बांधलेला. दोरीपलीकडे गेलं की शिट्टी. संध्याकाळी सगळे पाहुणे खुर्च्या लावून बसले, कारण त्या खोलीच्या नावातच सनसेट होता. सूर्य समुद्रात बुडाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! आमच्याकडे रोज बुडतो. वसईचा माणूस बुडत्या सूर्याला टाळ्या वाजवायला लागला तर त्याला घरात रोज सातला जेवायलाच मिळायचं नाही.

रात्रीच्या जेवणाला हामूर होता. इथला मोठा, मांसल मासा, त्याच्यासारखा मासा नाही. त्यांनी तो भाजून नुसतं लिंबू पिळून ठेवलेला, मीठसुद्धा भीतभीत. मी मनातल्या मनात त्याला हळद-तिखट लावून पाहिलं. तेवढ्यात वेटर यांच्या बाजूने सूप घेऊन आला आणि यांनी कोपर असं काही उडवलं की सगळं सूप त्या पोराच्या शर्टावर. मी यांच्यावर तुटून पडले. "अहो, माणूस बाजूला उभा आहे, दिसत नाही?" हे खाली बघत राहिले. वेटरच उलट सॉरी म्हणत होता. मला काय माहीत, मी कशावर बोट ठेवलं होतं ते.

दुसरा दिवस, सोमवार : रस्त्यावर

मी ठरवलं, आज कसंही करून सूर्य बघायचाच. झल्लाक पश्चिमेला, अस्कर पूर्वेला, मध्ये बेटाची रुंदी. आमच्याकडे विरारहून वसईला जायला जास्त वेळ लागतो. अंधूक उजाडताना निघालो.

पण हा रस्ता बसचा नव्हता. पहिल्या चौकात हे चुकले, दुसऱ्या चौकात मागच्याने हॉर्न वाजवला. हे स्टिअरिंग घट्ट धरून बसलेले, बोटांची पेरं पांढरी. एरवी हा माणूस बस चालवताना गुणगुणतो. मी पाटी वाचत होते, हे "कुठे? कुठे?" विचारत होते. मी म्हणत होते, "ती काय, उजवीकडे, एवढी मोठी!"

आणि मग उजवीकडून एक माणूस सायकल हातात धरून रस्त्याच्या कडेने चालत आला. अंगात पिवळं चकाकणारं जॅकेट. मला तो केव्हापासून दिसत होता. गाडी त्याच्या दिशेने सरकत चालली तेव्हा मला वाटलं, हे आता वळवतील. आता वळवतील. मग मी किंचाळले.

ब्रेक लागला. त्या माणसाने सायकल सोडून मागे उडी मारली. सायकल आडवी पडली, तिच्या हँडलला आमच्या आरशाचा धक्का लागला आणि आरसा वाकडा झाला. माणूस उभा होता, धड होता, त्या माउलीची कृपा. तो धावत यांच्या खिडकीशी आला. गोरा, दाढीवाला, बहुतेक पेशावरकडचा. त्याने रागाने टपावर थाप मारली.

"चाचा! दिखता नहीं क्या?"

असं रस्त्यावर कुणीही कुणाला म्हणतं. त्याला उत्तर नसतं. पण हे समोर काचेकडे बघत शांतपणे म्हणाले, "नहीं दिखता."

तो माणूस खिडकीतून वाकून यांच्या डोळ्यांकडे बघायला लागला.

"सामने का दिखता है," हे म्हणाले. "बाजू का नहीं दिखता. एक साल हुआ. माफ करना भाई."

मग त्या रस्त्याच्या कडेला, त्या परक्या माणसासमोर, सगळं बाहेर आलं. काचबिंदू. कंपनीच्या मेडिकलमध्ये सापडला. नजर कडेकडून मिटत चालली आहे, नळीतून बघितल्यासारखं दिसतं. थेंब त्याचेच. कंपनीने बसवरून उतरवलं ते त्याच्यासाठी, आणि बरोबर केलं. सुपरवायझर वगैरे काही नाही. एकतीस वर्षांचा रस्ता तोंडपाठ आहे म्हणून नवीन ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं, एवढंच. घरातून चर्च आणि चर्चमधून बाजार हे रस्तेही पाठ, म्हणून मला पत्ता लागला नाही. अस्करचा फाटा यांनी टाळला नव्हता. यांना तो दिसलाच नव्हता. जो रस्ता पाठ होता, त्याच रस्त्याने हे मला घेऊन गेले.

तुम्ही म्हणाल, मग तुम्हाला वाईट वाटलं असेल. वाटलं, पण नंतर. आधी मला आला राग.

"मी केक केला!" मी ओरडले. "अकरा माणसं बोलावली मी! तुम्ही सुरी धरून उभे राहिलात! फोटो काढलेत! डोळे जाताहेत म्हणून मी आयसिंग लावलं का हो त्याच्यावर?"

"मोनी, अगं..."

"रामुलूला माहीत! सगळ्या बसला माहीत! मला एसी! आणि हा माणूस आत्ता तुमच्या चाकाखाली आला असता तर त्याच्या आईला काय सांगणार होतात, एसी?"

"तू मला गाडी चालवू दिली नसतीस."

"नसतीच दिली!"

"मग तुला सूर्य कोण दाखवणार होतं?" हे म्हणाले. "तू एकतीस वर्षं एकच गोष्ट मागत होतीस. एवढं करून गाडी सोडणारच होतो."

असल्या वेळी असलं वाक्य बोलायचं, म्हणजे बायकोने भांडायचं तरी कसं? तरी मी भांडले. माणसाचा जीव घेऊन मला सूर्य नको, असं मी यांना स्पष्ट सांगितलं, आणि ते मी आजही सांगते. कुणाच्या घरात हे असं चाललं असेल, कुणी थेंबाची बाटली लपवून चाव्या खिशात घालत असेल, तर त्याच्या बायकोने हे वाचून आत्ताच्या आत्ता फ्रिज उघडावा.

सायकलवाला इतका वेळ उभा होता. त्याचा राग कुठल्या कुठे गेलेला. त्याने आमचा आरसा सरळ केला, मग आपली सायकल उचलली, स्वतःच्या बाटलीतलं पाणी यांना दिलं. मग मला म्हणाला, "चाची, गाड़ी आप चला लो."

आता माझी गोष्ट. मुलं लहान असताना मी इथे ड्रायव्हिंग शिकले, तिसऱ्या टेस्टला पास झाले. लायसन्स घेऊन घरी आले तर हे म्हणाले, "उस्तादची बायको गाडी चालवणार? लोक काय म्हणतील, माझे हात मोडले का?" मी एकदा गाडी काढली आणि बिल्डिंगच्या कचऱ्याच्या डब्याला लावली. झालं, खलास. त्यानंतर मी शेजारच्या सीटवर. पण लायसन्स मी मरू दिलं नाही. मुदत संपायला आली की गुपचूप जाऊन नवं करून आणायचे. का, ते मला तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मी पर्समधून ते काढलं आणि बॉनेटवर ठेवलं.

हे डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले. "हे चालू आहे?"

"चालू आहे. आणि सिंथिया इथे होती तेव्हा दर शनिवारी तिची गाडी भाजीबाजारात कोण चालवत न्यायचं, विचारा तिला."

"म्हणजे तूही लपवलंस!"

"माझ्या लपवण्याने कुणाची सायकल पडली नाही."

सायकलवाला हसायला लागला. त्याला मराठी कळत नव्हतं, पण नवरा-बायकोचं भांडण कुठल्या भाषेत कळत नाही? एव्हाना सूर्य चांगला कासराभर वर आला होता, कुठल्यातरी गोदामाच्या पत्र्यावरून. दुसरा दिवसही गेला.

मी सीट पुढे ओढली. हे उजवीकडे येऊन बसले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा यांना मी त्या सीटवर पाहिलं, आणि पट्टा लावताना हात चाचपडताना पाहिले. चाळीसच्या वर मी गेले नाही. मागून लोक हॉर्न वाजवत होते, वाजवू देत. एका चौकात हे म्हणाले, "क्लच सावकाश," आणि मी म्हणाले, "ही ऑटोमॅटिक आहे," आणि हे म्हणाले, "हो, हो."

त्या दुपारी बाल्कनीत बसून मी यांच्या डोळ्यांत थेंब घातले. दोन डावीकडे, दोन उजवीकडे, वेळ लिहून. सिंथियाला फोन केला. ती इंग्रजीत रडली, मी मराठीत ओरडले. ठरलं असं, की वसईला जायच्या आधी इथल्याच डॉक्टरकडे दोघांनी जायचं, आणि बोलायचं मी.

मग मी यांना विचारलं, "झल्लाकहून अस्करपर्यंतचा रस्ता सांगता येईल का? मला पाट्या वाचता येतात, पण वाचेपर्यंत फाटा निघून जातो."

"आधी बसच्या रस्त्याला नेऊन लाव," हे म्हणाले. "तिथून पुढे माझ्यावर सोड."

तिसरा दिवस, मंगळवार : अस्कर

डबा परत घेतला, फुगे जरा वातड झालेले. हातातला पट्टा कापून टाकला. पहाटे निघालो. बेट ओलांडेपर्यंत मी पाट्या वाचल्या, चुकले एकदाच. बसचा रस्ता लागला आणि शेजारच्या सीटवर उस्ताद जागे झाले.

"आता तीन खड्डे येतील, डाव्या बाजूने घे. हा सिग्नल लांबतो, गाडी न्यूट्रलला टाक. पुढे ट्रक उलटे वळतात, आधी बघ. आता कमी. अजून कमी. दिवा गेला का मागे? आता डावा इंडिकेटर. आता मोज, एक, दोन, तीन, चार... वळव."

मी वळवली. तोच फाटा! पाटी माझ्या खिडकीजवळून गेली. जो फाटा यांना दिसत नव्हता, तो यांनी मला दिव्यांवरून मोजून दिला. वर्षभर नव्या पोरांना हेच शिकवत होते. मला वाईट कधी वाटलं विचाराल तर तेव्हा, त्या वळणावर. पण स्टिअरिंग हातात असताना रडता येत नाही, नाहीतर दुसरी सायकल.

किनारा काही पोस्टकार्डातला नव्हता. चार होड्या, जाळ्यांचे ढीग, मासे धरायचे तारेचे मोठे गोल पिंजरे, मांजरं. एका बाजूला लांब कारखान्याचे दिवे. पण भिंत नाही, पट्टा नाही, दोरी नाही. एक म्हातारा बहारीनी कोळी पिंजऱ्याची तार पिळत बसला होता. त्याने आमच्याकडे पाहिलं, इतक्या पहाटे ही दोन म्हातारी कशाला आली असं त्याला वाटलं असणार. मी पूर्वेकडे बोट केलं. "शम्स?" त्याने विचारलं. सूर्य. मी मान हलवली. त्याने हवेत बोटाने घड्याळाचा पाव फेरा काढला, अजून वेळ आहे, आणि थर्मासमधून दोन छोट्या कपांत करक चहा ओतला. दुधाचा, वेलचीचा, घशात गोड चिकटणारा. मी त्याला वातड फुगे दिले. त्याने चहात बुडवून खाल्ले आणि अंगठा वर केला. वातड फुगे चहात बुडवावेत हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

हे मात्र गाडीत. पट्टा बांधून, ताठ.

"चला."

"तू जा. मी इथून बघतो. गाडी..."

"गाडी कुणाची जबाबदारी आहे आज?"

"तुझी."

"ड्रायव्हर कोण?"

यांनी पट्ट्याचं बटण चाचपलं.

मी पलीकडे गेले, दार उघडलं आणि जसं कारखान्याच्या गेटवर यांच्या तोंडून निघालं होतं तसं, त्याच सुरात म्हटलं, "यल्ला, उतरा!"

हे उतरले. बूट काढले, पँट दुमडली. पाणी बर्फासारखं, आम्ही दोघेही शिव्या दिल्यासारखं ओरडलो आणि कोळी हसला. मी यांना खांद्याला धरून पूर्वेकडे तोंड करून उभं केलं. समोर. अगदी समोर.

आणि मग आला. आधी पाण्यावर एक लाल ओरखडा, मग नखाएवढा तुकडा. बुडताना तो घाईत असतो, आम्ही पाहिलं आहे जन्मभर. उगवताना मात्र दमादमाने वर येत होता, पाण्याला चिकटलेला, खालून सुटायला तयार नसल्यासारखा. सुटला तेव्हा पाणी आमच्या पायांपर्यंत तांबडं झालं. मी एकतीस वर्षांचा राग घेऊन उभी होते आणि तो काढायचं विसरले.

"दिसतोय?" मी विचारलं.

"दिसतोय. सगळा दिसतोय." मग यांनी मान हलवली, डावीकडे, मग आणखी डावीकडे, आख्खं अंग वळवलं. "तू कुठे आहेस?"

"इथेच आहे. बाजूला."

"बाजूला नको उभी राहू."

म्हणून मी पाण्यातून दोन पावलं टाकली आणि यांच्या समोर जाऊन उभी राहिले. नाकासमोर. वर्षभरात पहिल्यांदा यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, स्वेटर, शाल, विस्कटलेले केस, सगळं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मोनी, जरा सरक. सूर्य दिसत नाही."

"वर्षभर मी दिसत नव्हते," मी म्हटलं. "आता दोन मिनिटं सूर्याला थांबू द्या."

आणि मी सरकले नाही.